उलटा पत्ता डोळ्यांनी शोधायचा की बोटांनी? जादूसाठी कॅट घेण्याआधी

बेळगावच्या खडेबाजारात, निपाणीत किंवा खानापुरात पत्त्यांचा कॅट मागितला की रमीचा साधा कॅट हातात पडतो. जादूचा कॅट म्हणून ऑनलाइन शोधलं तर तीन नावं पुढे येतात: मार्क्ड (पाठीवर खुणा असलेला), स्ट्रिपर (एका टोकाला निमुळता कापलेला) आणि स्वेंगाली (एकच पत्ता पुन्हा पुन्हा असलेला). वन-वे पाठीचा कॅट या यादीत फारसा दिसत नाही, कारण तो जादूचा म्हणून विकला जातोच असं नाही. तो बहुधा रमीच्या कॅटांतच मिसळलेला असतो आणि तुम्हाला तो ओळखावा लागतो. घरच्या बैठकीत, पत्ते खेळून हात तयार झालेल्या चार माणसांसमोर जादू करायची असेल, तर पहिला कॅट हाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टेजसाठी मात्र उत्तर बदलतं, ते पुढे येईलच.

आधी वन-वे म्हणजे काय ते पाहू. बहुतेक पत्त्यांची पाठ अशी छापलेली असते की पत्ता वरचं टोक खाली करून फिरवला तरी नक्षी तशीच दिसते. सायकलच्या चित्राची प्रसिद्ध बायसिकल रायडर बॅक त्यातलीच, म्हणून महाग असली तरी या कामाला ती निरुपयोगी. वन-वे पाठीत कुठेतरी हे जुळणं मोडलेलं असतं: एका कोपऱ्यातल्या फुलाला देठ आहे आणि समोरच्या कोपऱ्यात नाही, किंवा मधल्या चक्राची एक आरी जास्त जाड आहे. सगळे पत्ते एका दिशेला लावले आणि एकच उलटा गेला, तर पाठीवरूनच तो सापडतो. जादू एवढ्यावर उभी आहे.

दुकानात तपासणी सोपी आहे. नमुन्याचा उघडा कॅट मागा. दोन पत्ते पाठ वर करून शेजारी ठेवा, एक अर्धा फिरवा आणि डाव्या वरच्या कोपऱ्यांची तुलना करा. मग मधला भाग, मग पांढरी कडा. कधीकधी नक्षी दोन्हीकडून सारखी असते, पण कापताना कॅट सरकलेला असतो आणि एका टोकाची कडा दुसऱ्यापेक्षा रुंद राहते. तोही वन-वेच झाला. जाहिरातीचे, पर्यटनस्थळांचे, देवळाच्या चित्रांचे कॅट तर उघडच वन-वे असतात, पण ते घेऊ नका. पाठीवर अख्खा वाघ उभा असेल, तर उलटा वाघ तुमच्याआधी समोरच्या पोरालाच दिसेल. नक्षी दोन्हीकडून सारखी वाटावी आणि फरक एकाच जागी असावा, तोही हातभर अंतरावरून तुम्हाला दिसेल इतपतच.

असा कॅट मिळालाच नाही तर साध्या कागदी कॅटवर खूण करता येते. प्रत्येक पत्त्याच्या एकाच टोकाला, डाव्या कोपऱ्याजवळच्या नक्षीतली एक छोटी रेघ ब्लेडच्या टोकाने हलके खरवडून पांढरी करायची. 52 पत्ते आणि जोकर, साधारण तासाभराचं काम. जोर जास्त झाला तर कागदाचे तंतू उभे राहतात आणि तिथे मळ धरतो, म्हणून ब्लेड आडवं धरून दोनदा घासावं, एकदा खोल नको. प्लास्टिकच्या पत्त्यावर मार्करची खूण चार दिवसांत बोटांनी पुसली जाते, तिथे तो खटाटोप करू नये.

मूळ प्रयोग असा. सगळे पत्ते एका दिशेला. कॅट पंख्यासारखा पसरून समोरच्याला एक पत्ता ओढायला सांगा. तो पत्ता बघत असताना, शेजाऱ्यांना दाखवत असताना, कॅट जुळवून टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने विरुद्ध टोकाकडून उचला. कॅट फिरला. पत्ता परत घेतला, पिसला, पाठी वर ठेवून पसरला, की एकच देठ चुकीच्या कोपऱ्यात दिसतो. मनगटाची गिरकी मारून कॅट फिरवू नका. रमी खेळणाऱ्याच्या डोळ्याला अशी गिरकी लगेच खुपते.

फसतं कुठे? सगळ्यात जास्त इथे: माणूस पत्ता शेजारच्याला दाखवताना स्वतःच उलटा करतो. मग कॅटही फिरला आणि पत्ताही फिरला, दोन्ही एकमेकांना खोडून गेले. म्हणून सवय अशी लावा की कॅट आधीच फिरवून ठेवायचा नाही. पत्ता परत येताना त्याच्या पाठीकडे बघायचं, तो उलटा आला असेल तर कॅट आहे तसाच पुढे करायचा, सरळ आला असेल तरच फिरवायचा.

दुसरी फसगत पिसण्यात आहे. आपल्याकडे बहुतेक लोक हातातल्या हातात, थोडे-थोडे पत्ते वरून सोडत पिसतात. त्याने दिशा अजिबात मोडत नाही, खुशाल द्या. पण शौकीन खेळाडू कॅट उभा धरून दोन भाग करतो, दोन्ही भाग आतल्या बाजूला वळवून टोकाला टोक भिडवतो आणि फुर्रकन पत्ते सोडतो. यात दोन्ही भागांची वरची टोकं समोरासमोर येतात, म्हणजे अर्धा कॅट उलटा होतो आणि तुमचा एक पत्ता 26 उलट्या पत्त्यांत हरवतो. तोच कॅट टेबलावर आडवा ठेवून वरचा अर्धा भाग नुसता बाजूला सरकवून टोकं भिडवली, तर काही बिघडत नाही. लहान मुलं चटईवर सगळे पत्ते पसरून घोळतात, त्यानंतर तर आशाच सोडा. म्हणून पत्ता परत घेण्यापूर्वी कॅटच्या तळाचा पत्ता बघून ठेवावा. कोणी हात घातला आणि दिशा मोडण्याची भीती वाटली, तर निवडलेला पत्ता त्या तळच्या पत्त्याखाली येईल असा कॅट कापून घ्यायचा आणि पिसायला द्यायचंच नाही.

स्ट्रिपर डेक: तोच खेळ, बोटांचा

स्ट्रिपरमध्ये तत्त्व तेच, फक्त फरक पाठीवर नसून आकारात असतो. प्रत्येक पत्ता एका टोकाला जेमतेम मिलिमीटरभर, किंवा त्याहूनही कमी, निमुळता कापलेला असतो. उलटा गेलेल्या पत्त्याचं रुंद टोक बाकीच्यांच्या अरुंद टोकाकडे बाहेर येतं. अंगठा आणि मधलं बोट लांब कडांवरून ओढलं की तो पत्ता हातात निघून येतो. बघावं लागत नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून, बोलता बोलता काम होतं. गणेश मंडळाच्या कार्यक्रमात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, पहिली रांगच दहा फुटांवर असेल तिथे स्ट्रिपर निर्विवाद वरचढ आहे.

पण तो कॅट समोरच्याच्या हातात मिनिटभरच द्यावा. रोज पत्ते खेळणारा माणूस कॅट जुळवताना कडांवरून अंगठा फिरवतोच, आणि एकदा पत्ते पुढेमागे लागले की कड खडबडीत लागते. वन-वे कॅटवर मात्र जादू झाल्यावर सरळ बदाम सात मांडता येतो, कोणाला काही कळत नाही. आपल्या घरांत हीच कसोटी असते. गणपतीच्या रात्री जादू संपली की लगेच कोणीतरी म्हणतं, "आण गा तो कॅट, एक डाव टाकूया."

पावसाचाही हिशेब धरा. खानापूर-जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर कागदी पत्ता ओल धरतो, फुगतो, वाकतो. पंखा नीट पसरत नाही, तरी वन-वेची खूण दिसायची ती दिसतेच. स्ट्रिपरमध्ये मात्र सगळा खेळ मिलिमीटरचा. कडा फुगल्या की उलट्या पत्त्याबरोबर शेजारचे दोन चिकटून येतात. पावसाळ्यात स्ट्रिपर वापरायचा असेल तर तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावा, आणि कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटंच बाहेर काढावा.

उजेडाचा प्रश्न उलट वन-वेला जास्त भोवतो. डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर प्लास्टिकच्या पाठीवर झळाळी येते आणि कोपरा दिसतच नाही. कॅट थोडा स्वतःकडे झुकवावा लागतो. मांडवात लाल एलईडीच्या माळा असतील तर लाल पाठीची नक्षी पांढऱ्यात विरून जाते. मांडवासाठी निळी पाठ घ्या.

मार्क्ड आणि स्वेंगाली

मार्क्ड डेकमध्ये पत्ता कितवा आणि कोणत्या रंगाचा (इस्पिक, बदाम वगैरे) हे दोन्ही पाठीवरून वाचता येतं. खुणा बहुधा दोन्ही टोकांना असतात, त्यामुळे दिशेची चिंता नाही. चटईवर कोणी घोळले तरी चालतात. ताकद मोठी आहे, पण किंमत जास्त, आणि खूण बारीक असल्याने वाचताना नजर पत्त्यावर खिळते. सहा महिने वन-वे वापरून "बघायचं, पण बघतोय असं दिसू द्यायचं नाही" हे जमल्यावरच मार्क्डकडे वळावं.

स्वेंगालीत एकच पत्ता 26 वेळा असतो, तोही किंचित आखूड, बाकीच्या 26 वेगवेगळ्या पत्त्यांत एकाआड एक लावलेला. पहिल्या दिवशीच जमतो आणि समोरच्याच्या हातात कधीच देता येत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या वाढदिवसाला ठीक. रमीवाल्यांच्या घरात तो काढू नये.

एक गोष्ट चौघांनाही लागू: यातला कोणताही कॅट पैशांच्या डावात बसवायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. जादूचे कॅट वेगळ्या डब्यात ठेवा. पैशांच्या खेळाचा कॅट वेगळाच असू द्या. एकदा शंका बसली की गल्लीत तुमच्या हाताचा कॅट कोणी घेणार नाही.

वन-वेची खरी कमाई

एक पत्ता शोधणं ही सुरुवात झाली. दिशेच्या दोन शक्यता असतात आणि त्यांत माहिती भरून ठेवता येते. बदाम आणि चौकटचे 26 पत्ते एका दिशेला, इस्पिक आणि किलवरचे 26 विरुद्ध दिशेला लावा आणि हातात चांगले पिसा. कॅट उघडून दाखवला तर काळे-लाल पूर्ण मिसळलेले दिसतात, पण पाठीवरून प्रत्येक पत्त्याचा रंग तुम्हाला ठाऊक असतो. समोरच्याला पिसू द्या, मग एकेक पत्ता पालथा उचलून रंग सांगा. आठ-दहा पत्त्यांवर थांबा आणि एखाद्या ठिकाणी मुद्दाम अडखळा, 52 पैकी 52 बरोबर आले की लोक पाठ तपासू लागतात. समोरचा कानडी असेल तर रंग शब्दांत सांगण्यापेक्षा दोन नमुन्याचे पत्ते उघडे ठेवून त्यांच्याकडे बोट दाखवा. लालसाठी केंपु, काळ्यासाठी कप्पु. गोंगाटात दोन्ही सारखेच ऐकू येतात.

दुसरा प्रयोग त्याहून सरस, कारण तुम्ही पत्त्यांना जवळजवळ हातच लावत नाही. सगळे पत्ते एका दिशेला असलेला कॅट कापा, 26-26 चे दोन ढीग टेबलावर ठेवा, ठेवतानाच एक ढीग फिरवा. समोरचा डाव्या ढिगातला पत्ता बघतो, उजव्या ढिगात घालतो, पिसतो. उजव्या ढिगात एकच पाठ वेगळी दिसते. अट एवढीच: पत्ता टेबलावरून सरळ सरकवत नेला पाहिजे. "उचलू नका, पालथाच सरकवा, मला चुकूनही दिसायला नको" असं म्हटलं की तो वळवत नाही आणि कारणही पटतं. नंतर तो पत्ता न वळवता डाव्या ढिगात परत ठेवला आणि एक ढीग परत फिरवून एकत्र केला की कॅट पुन्हा तयार.

हा प्रयोग स्ट्रिपरवरही होतो, पण दोन ढीग शेजारी असले की निमुळती बाजू डोळ्याला जाणवते.

कॅट दुसऱ्याचा असेल तेव्हा

पाहुण्याच्या घरी गेल्यावर वरचा एकही कॅट खिशात नसतो आणि त्यांच्या कॅटची पाठ बहुधा दोन्हीकडून सारखी असते. तेव्हा पाठ सोडून पुढची बाजू बघा. इस्पिक, बदाम आणि किलवरचे एक्का, तिरी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि नव्वी: प्रत्येकाचे जास्त ठिपके एकाच बाजूला तोंड करून असतात. हे 21, आणि चौकटची सत्ती धरून 22. चौकटचे बाकीचे पत्ते आणि सगळ्या दुऱ्या, चौक्या, दश्श्या दोन्हीकडून सारख्या दिसतात. राजा, राणी आणि गुलामाला तर दोन डोकीच. रमीचा डाव संपल्यावर पत्ते गोळा करता करता हे 22 वर घेता येतात आणि ठिपके एका दिशेला लावता येतात. पसरताना तेवढाच वरचा भाग पसरायचा. पत्ता परत घेताना कॅट फिरवायचा, आणि शोधताना पत्ते स्वतःकडे तोंड करून चाळायचे. ज्या पत्त्याचे ठिपके बाकीच्यांच्या विरुद्ध उभे, तो त्याचा. छक्की आणि अठ्ठीत मधल्या जोडीकडे बघावं लागतं, घाईत तिथेच नजर चुकते. सुरुवातीला त्या सहा वगळून 16 पत्त्यांवरच सराव करा.