चेहऱ्याचा साचा: अल्जिनेट की सिलिकॉन?

वाशीच्या भाच्याला एकांकिकेसाठी लॅटेक्सचा, म्हणजे द्रवरूप रबराचा मुखवटा करायचाय. चेहऱ्याचा साचा कशाने घ्यावा, इथे गाडी अडलीय.

खर्चात अल्जिनेट कितीतरी स्वस्त. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तीच ही पावडर, पाण्यात कालवायची. पण दातांसाठीची दोन-तीन मिनिटांत घट्ट होते, पूर्ण चेहऱ्याला वेळ पुरत नाही. गार पाणी घेतलं की थोडी सवड मिळते. सिलिकॉन, म्हणजे रबरासारखं घट्ट होणारं द्रव्य, महाग, आणि त्वचेसाठी बनवलेलंच घ्यायचं.

टिकण्यात मात्र उलट. अल्जिनेटमधलं पाणी उडतं नि साचा आकसतो. चेहऱ्याची प्रत काढायला साच्यात प्लास्टर ओततात. ठाण्यात मी पहिल्यांदा ते दुसऱ्या दिवशी ओतलं, तर नाक चिमटल्यासारखं आणि कडा वर वळलेल्या. ते लगेच ओतायचं, प्रतही सहसा एकच निघते. सिलिकॉनचा साचा वर्षानुवर्षं राहतो. फक्त प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारा प्रकार) वापरताना लॅटेक्सचे हातमोजे नकोत. त्यांतल्या गंधकामुळे सिलिकॉन चिकटच राहतं.

मेहनत सारखीच: वरून प्लास्टर बँडेजचा आधार, भुवयांना व्हॅसलीन, नाकपुड्या मोकळ्या, शेजारी कुणीतरी हवंच. नुसतं प्लास्टर थेट चेहऱ्यावर कधीच नको, घट्ट होताना ते तापतं.

मुखवट्याचा साचा वेगळा: तो चेहऱ्याच्या प्रतीवरून प्लास्टरचाच करायचा आणि लॅटेक्स त्यात ओतायचं, कारण प्लास्टर पाणी शोषतं म्हणून थर धरतो.

एका प्रयोगापुरता एक मुखवटा असेल तर अल्जिनेट. एकाच नटाचे मुखवटे पुन्हापुन्हा करणाऱ्याने सिलिकॉन घ्यावं. भाच्याला मी अल्जिनेटच सांगितलंय.