कोरडवाहू कपाशी: सेंद्रियचा ताण वेगळा, रासायनिकचा वेगळा

रासायनिक कपाशीत पैसा पेरणीच्या तोंडावरच लागतो. २०२५ च्या हंगामात बीटीचं (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेलं बियाणं) पाकीट ९०१ रुपयांना होतं. एकरी दोन पाकिटं. दुबार पेरणी आली की हाच खर्च दुप्पट. रासायनिक नत्र मात्र अनुदानामुळे स्वस्त पडतं: ४५ किलोची युरियाची गोणी २६६.५० रुपयांना आणि तिच्यात जवळपास २१ किलो नत्र. खिसा रिकामा होतो फवारणीत. गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नाही, त्यामुळे महाग बियाणं पेरूनही फवारे चुकत नाहीत. मग कृषी केंद्राची उधारी फेडायला पहिल्याच वेचणीचा कापूस खेडा खरेदीत (गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला) मिळेल त्या भावाने जातो.

सेंद्रियला रोख पैसा कमी लागतो, पण शेणखत आणि मजूर जास्त. तेवढंच २१ किलो नत्र शेणखतातून द्यायचं तर ०.५ टक्के नत्र धरून ४ टनांहून अधिक खत लागतं, आणि पहिल्या वर्षी त्यातलं थोडंच पिकाला मिळतं. खताऐवजी नुसतं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) देणं ही नेहमीची चूक. २०० लिटरमध्ये १० किलो शेण असतं; त्यातून नत्राची गरज भागत नाही आणि बोंडं भरताना पानं पिवळी पडतात. मूग किंवा उडदाचं आंतरपीक आणि तुरीच्या ओळी हव्यातच. तणनाशक चालत नाही, म्हणून निंदणीची मजुरी वाढते. बियाणं बीटी नसलेलं आणि रसायन न लावलेलं लागतं. 'सुरज'सारखा सरळ (संकरित नसलेला) वाण घेतला तर पुढे घरचं बियाणं वापरता येतं, पण पहिल्या वर्षी शोधाशोध उन्हाळ्यातच करावी लागते.

सगळ्यात अवघड रूपांतराचा काळ, म्हणजे रासायनिक सोडल्यापासून माल सेंद्रिय म्हणून मान्य होईपर्यंतचा. निर्यातीसाठी लागणाऱ्या एनपीओपी (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणनात हंगामी पिकांना तो साधारण २ वर्षांचा असतो. उत्पादन घटतं, भाव मात्र साधाच. एकरी २ क्विंटल घट धरली तरी २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावाने (लांब धागा) १६,२२० रुपये जातात. बियाणं आणि खतातली बचत त्याच्या जवळपासही पोचत नाही. पुढेही हमीभावाच्या खरेदीत सेंद्रियला वेगळा दर नाही. जादा भाव द्यायचा तो खासगी खरेदीदारानेच.

म्हणून मक्त्याच्या जमिनीवर सेंद्रियकडे वळू नये, असं आमचं ठाम मत आहे. जमीन सुधारेपर्यंत मक्ता संपतो आणि फायदा मालकाला होतो. डोक्यावर उधारी असेल तर आधी ती फेडावी. स्वतःचं रान, गोठ्यात जनावरं आणि निंदणीला घरची माणसं असतील, तर सेंद्रियचं गणित जमू शकतं.

तरीही सेंद्रिय प्रमाणपत्र एकत्र घेणाऱ्या शेतकरी गटात नाव घालण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: जादा भाव किती आणि कोणत्या दरावर, जिनिंगपर्यंतची वाहतूक कोणाची, पैसे किती दिवसांत, आणि शेजारच्या बीटीमुळे किंवा जिनिंगमधल्या मिसळीमुळे तपासणीत माल नाकारला गेला तर नुकसान कोणाचं. गटाचं प्रमाणपत्र गटाच्या नावावर असतं; बाहेर विकायला गेलात की तोच कापूस साध्या भावाने जातो.