गोठ्याच्या कोब्याला कोणती राख: बगॅसची की भाताच्या तुसाची?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात कोणी सिमेंटमध्ये राख मिसळायचे मनात आणले, की त्याची नजर आधी साखर कारखान्याच्या बॉयलरकडे जाते. बगॅसची, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चिपाडाची राख गळीत हंगामभर निघत असते आणि बहुधा वाहतुकीच्या खर्चातच पदरात पडते. मीही गोठ्याच्या अर्ध्या कोब्याला तीच वापरली, आणि उरलेल्या अर्ध्याला शेजारच्या शिराळा तालुक्यातून आणलेल्या भाताच्या तुसाची. दोन्हींचे काम एकच आहे: सिमेंट घट्ट होताना सुटणारा चुना राखेतील सिलिकेशी संयोग पावतो आणि त्यातून माल बांधून धरणारा पदार्थ तयार होतो.

तुसाच्या राखेत सिलिका साधारणपणे ८५ ते ९५ टक्के असते, बगॅसच्या राखेत त्याहून बरीच कमी. तरीही माझा निर्णय या आकड्यांवरून झाला नाही. तो झाला पाण्यावरून. बगॅसची पहिली ट्रॉली करडी आणि कोरडी आली, दुसरी काळी आणि ओली. त्या दुसऱ्या ट्रॉलीतली मूठभर राख बादलीतल्या पाण्यात टाकली, तेव्हा अर्धवट जळलेल्या चिपाडाचे काळे तंतू लगेच वर तरंगले. हेच तंतू मालातले पाणी पितात. त्यामुळे मिस्त्री प्रत्येक घाण्याला पाणी किती घालायचे ते विचारीत राहिले आणि मला एकदाही खात्रीने सांगता आले नाही. ती राख उन्हात वाळवून दोनदा चाळली, तरी थापी फिरवल्यावर कोब्यावर काळपट साय आलीच. आज गव्हाणीजवळ त्या भागाची पावडर हाताला लागते. कदाचित तिथे पाणी मारण्यात आमचीच हयगय झाली असेल.

तुसाची राख कष्टाची आहे, हे मान्य करायला हवे. पाच पोती तूस जाळले, तर वजनाने जेमतेम एका पोत्याइतकी राख हाती येते. तूस जाळीच्या पिंपात मंद धुमसत ठेवावे लागते, कारण आच ७०० अंश सेल्सिअसच्या फार वर गेली तर सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची क्रिया मंदावते. नंतर राख हाताला सिमेंटसारखी मऊ लागेपर्यंत दळावी लागते, आणि दळताना नाकातोंडाला चांगला मास्क अत्यावश्यक आहे. पाणी तीही जास्तच मागते. मात्र पहिल्या घाण्याला ठरवलेले प्रमाण शेवटच्या घाण्यापर्यंत चालले, आणि माझ्या दृष्टीने हेच मोलाचे ठरले.

राख मोजावी ती वजनाने, कारण तुसाची राख इतकी हलकी असते की घमेल्याचा हिशेब फसतो. मी ५० किलोच्या पोत्यामागे ४५ किलो सिमेंट आणि ५ किलो राख धरली. सिमेंट साधे ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट) घेतले. पीपीसीमध्ये (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये) फ्लाय ॲश, म्हणजे दगडी कोळशाची बारीक राख, आधीच असते, त्यात आणखी राख घालू नये, असे मला वाटते. राख घातलेल्या कामाला पाणीही जास्त दिवस मारावे लागते: काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसीला किमान ७ दिवस, तर अशा मिश्रणाला किमान १०. याच मानकात तुसाच्या राखेचा नावानिशी उल्लेख आहे, बगॅसच्या राखेचा नाही. तरीही स्लॅब आणि कॉलमला यातली कोणतीच राख अभियंत्याच्या संमतीशिवाय आणि ठोकळ्यांच्या चाचणीशिवाय घालू नये.

आपल्या कारखान्याची राख हंगामभर करडी आणि कोरडी मिळत असेल, तर शिराळ्यापर्यंत जाण्याची गरज कदाचित पडणार नाही. माझ्या कुंपणभिंतीचे काम अजून बाकी आहे, आणि त्यासाठी यंदाची भाताची मळणी झाली की तूस आणायचे मी ठरवून ठेवले आहे.