ग्राउडल ग्लेनची छोटी गाडी

"इंजिन बघायचं तर आधी पाण्याची काच बघ," बाबा सांगायचे. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते ही काच दाखवते. बाबा वडोद्याच्या प्रतापनगरच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते, छोट्या (नॅरो गेज) लाइनवर. म्हणून आयरिश समुद्रातल्या आयल ऑफ मॅन बेटावर, ग्राउडल ग्लेन या दरीतल्या छोट्या गाडीच्या स्टेशनात उतरल्यावर माझा नातू चाकं मोजत होता, जावई फोटो काढत होते, आणि मी मात्र ड्रायव्हरच्या छपराखाली डोकावून काच शोधत होते. काच होती, स्वच्छ पुसलेली. पाणी अर्ध्याच्या जरा वर. मला बरं वाटलं.

ही वाफेची छोटी गाडी नेमकी कुठे आहे ते आधी सांगते, कारण वडोद्यात मी नाव घेतलं तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. एका प्रवास कंपनीतल्या माणसाने तर "त्या बेटावर बघण्यासारखं काही नाही" असंही सांगून टाकलं. मुलगी लिव्हरपूलला राहते. तिथून उन्हाळ्यात डग्लस बंदराला बोट जाते. डग्लसच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला डर्बी कॅसल म्हणून जागा आहे, तिथून मॅन्क्स इलेक्ट्रिक रेल्वेची ट्राम मिळते. ही ट्राम 1893 साली सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ती ग्राउडलपर्यंतच जात होती. त्या वर्षीच्या 1 आणि 2 नंबरच्या गाड्या अजून त्याच रुळांवर धावतात. आम्हाला दुसरीच गाडी मिळाली, पण लाकडी बाकावर बसून समुद्र बघत जाण्यातच अर्धे पैसे वसूल झाले.

ट्राम ग्राउडलला सोडते आणि तिथून पायवाट झाडीत खाली उतरते. पाऊस पडून गेला असेल तर काठी किंवा कुणाचा तरी हात हवाच. मी मुलीचा हात धरून उतरले. दरीच्या पोटात 'लेन कोअन' नावाचं स्टेशन आहे. तिथल्या मॅन्क्स भाषेत त्या नावाचा अर्थ एकाकी दरी. वर पानांचं दाट छत, खाली ओढ्याचा आवाज, आणि त्यात शांतपणे वाफ सोडत उभं असलेलं एवढंसं इंजिन.

इंजिनाचं नाव 'सी लायन'. स्टॅफर्डच्या बॅगनॉल कारखान्यात ते 1896 साली बनलं, आणि त्याच वर्षी ही लाइन सुरू झाली. रूळ दोन फुटांचे. आमच्या गायकवाडी लाइनचे रूळ अडीच फुटांचे होते. अर्ध्या फुटाचाच फरक, पण हे इंजिन आमच्या छोट्या लाइनच्या झेडबी इंजिनासमोर उभं केलं तर वासराएवढं दिसेल. पुढे छोटी दोन चाकं, मग चालवणारी चार, मागे काहीच नाही. सगळं हाताच्या अंतरावर. फिटरच्या मुलीला याहून चांगलं काय पाहिजे? पिस्टनचा दांडा, क्रॉसहेड, तेलाच्या वाट्या, सगळं न वाकता दिसतं.

ही लाइन जेमतेम सव्वा किलोमीटरची. एवढ्यासाठी समुद्र ओलांडून का जायचं, असं कुणीही विचारेल. मलाही बोटीत ही शंका आली होती, कारण बोट चांगली हलत होती आणि नातवाने खाल्लेला लीलो चेवडो बाहेर यायच्या बेतात होता.

त्याचं उत्तर पहिल्या तीन मिनिटांत मिळालं. गाडी सुटते तीच चढावर. झाडीतले रूळ ओलसर असतात. एकदा चाक जागच्या जागी फिरलं. धुराड्याचा सावकाश ठोका एकदम भराभर वाजू लागला, तोच ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, किंचित मिटला, चाकाने पकड घेतली आणि ठोका परत ताळ्यावर आला. सगळं मिळून दोन सेकंदांचं काम. डब्यातल्या बहुतेकांना काही झाल्याचं कळलंही नाही. मला बाबा आठवले. शंटिंगला पाठवलेलं इंजिन घसरलं की आवाजावरूनच ते घरी जेवता जेवता सांगायचे, कुणाच्या हातात आहे ते. आमचं क्वार्टर शेडला लागूनच होतं.

फायरमन एक मुलगी होती, विशीतली. हातमोजे काळे, कपाळावर घाम. इथे सगळे स्वयंसेवक आहेत, पगार कुणालाच नाही. कोणी शाळेत शिकवतं, कोणी दुकान चालवतं, आणि रविवारी पहाटे येऊन बॉयलर पेटवतं. थंड बॉयलर तापायला काही तास लागतात, घाई केली तर लोखंड वेगवेगळं तापतं आणि सांधे कुरकुरतात. प्रतापनगरला हेच काम रात्रपाळीचे खलाशी, म्हणजे शेडमधले मदतनीस, करायचे. ती मुलगी फावड्यात कोळसा अगदी थोडा घ्यायची, दार उघडायची, टाकायची, बंद करायची. थोडा थोडा, पण सारखा. एकदम भरला तर आग दबते, काळा धूर होतो आणि वाफ पडते.

दरीतून वर आलं की एकदम उजेड. झाडी संपते, उजवीकडे कडा आणि खाली आयरिश समुद्र. वारा इतका की माझा पदर हातात धरून बसावं लागलं. डब्यांच्या बाजू उघड्या आहेत, तेव्हा जॅकेट घ्याच, मे महिना असला तरी. मग लाइन माथा ओलांडून पलीकडे उतरते, आणि इथेच काचेचं खरं काम सुरू होतं. चढावर बॉयलरमधलं पाणी एका टोकाकडे सरकतं, उतारावर दुसऱ्या टोकाकडे. काच एकाच टोकाला, त्यामुळे माथ्यावर ती जे दाखवते त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. आगीच्या डब्याच्या छतावरचं पाणी हटलं तर छत तापून लाल होतं. तिथे शिशाचा डाट बसवलेला असतो, तो वितळला की वाफ आगीवर सुटते, पण तेवढी वेळ आली म्हणजे फायरमनची लाज गेली. ती मुलगी माथा यायच्या आधीच इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरायचं साधन, लावत होती. गाडी थांबल्यावर मी तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, किती पाणी ठेवतेस? तिने काचेवर बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक? मी सांगितलं, वडील फिटर होते, भारतात, अडीच फुटी लाइनवर. तिने ड्रायव्हरला हाक मारली. मग त्या दोघांना वडोद्याच्या खंडेराव महाराजांची गोष्ट सांगणं आलंच: 1862 साली डभोई ते मियागाम लाइन टाकली तेव्हा गाडी बैल ओढत होते, रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार सोसणार नाहीत, मग 1873 साली वाफेसाठी जड रूळ घातले. ड्रायव्हर हसून म्हणाला, 1873 सालीच आमच्या बेटावरही डग्लस ते पील पहिली वाफेची गाडी सुटली. आम्ही दोघंही खूश.

शेवटचं स्टेशन सी लायन रॉक्स. नावामागची गोष्ट मात्र मला बोचली. दरीच्या मालकाने इथली खडकांमधली खाडी बांध घालून अडवली आणि त्यात सी लायन, म्हणजे सीलसारखे समुद्री प्राणी, ठेवले, शेजारी ध्रुवीय अस्वलं. लोकांना ते दाखवायला नेण्यासाठी ही लाइन. दुसऱ्या इंजिनाचं नावही 'पोलर बेअर', 1905 चं, ते आता इंग्लंडमध्ये अँबर्लीच्या संग्रहालयात आहे. पहिल्या महायुद्धात प्राणी गेले, नंतर सी लायन परत आले, अस्वलं आली नाहीत. त्या खडकांमध्ये भिंतीचे अवशेष अजून दिसतात. नातवाने विचारलं, आजी, ते पोहून पळून का गेले नाहीत? भिंत दाखवली. तो बराच वेळ गप्प होता.

1962 साली लाइन बंद पडली, रूळ उचलले गेले. 1980 च्या दशकात बेटावरच्या रेल्वेप्रेमींनी कुदळ-फावडी घेऊन ती पुन्हा घातली. 'सी लायन' भंगारातच निघालं असतं, पण सेलाफील्डच्या अणुप्रकल्पातल्या ॲप्रेंटिस मुलांनी ते दुरुस्त केलं आणि 1987 साली परत पाठवलं. बाबांच्या हाताखालून कितीतरी ॲप्रेंटिस गेले. एखाद्या जुन्या इंजिनाचे सांधे उकलून परत बसवल्याशिवाय काम शिकता येत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. आमच्याकडे प्रतापनगर ते डभोई आता मोठी लाइन झाली, 2021 पासून गाडी थेट केवडियापर्यंत जाते, लोकांची सोय झाली आणि ते योग्यच झालं. पण छोट्या लाइनचं इंजिन प्रतापनगरच्या संग्रहालयात थंड उभं आहे. मी दर वर्षी बाबांच्या तिथीला जाऊन त्याच्यावरून हात फिरवते. इथे ग्राउडलला हात लावला तर भाजतं. तेवढ्यासाठी मी परत जाईन.

सी लायन रॉक्सला छोटी चहाची खोली आहे, तीही स्वयंसेवकांची. चहा कडक करून मागा. केक घरचा होता, कॉफी-अक्रोडाचा. बाहेर बाकावर बसून खाताना इंजिन डबे सोडून शेजारच्या रुळावरून पुढे जातं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं जातं, तेव्हा कप खाली ठेवून उठा. रुळांचा सांधा हाताने बदलतात, जोडणीची कडी हाताने अडकवतात, आणि दोन माणसं एकमेकांकडे बघून हात वर करतात. त्याआधी कुणी हलत नाही. फोटोवाल्यांनीही तेवढा वेळ मागे राहावं. आम्ही पहिल्या फेरीने आलो होतो, मी मुलीला म्हटलं, तुम्ही बसा, मी अजून एकदा जाऊन येते. त्या फेरीत फायरमन मुलीने मला इंजिनाच्या मागच्या पहिल्या बाकावर बसवलं.

जाणाऱ्यांसाठी: गाडी रोज नसते. उन्हाळ्यातले रविवार आणि ऐन हंगामात बुधवारची संध्याकाळ, असं साधारण वेळापत्रक असतं, तेव्हा बोटीचं तिकीट काढायच्या आधी तारीख बघा. तिकीट स्टेशनवरच मिळतं, थोडी नाणी जवळ ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी परतीचा विचार करून उतरावं, कारण उतरताना वाट सोपी वाटते. मला वर ट्रामपर्यंत यायला पंचवीस मिनिटं लागली, मध्ये तीनदा बसले. खालून 'सी लायन'ची शिट्टी ऐकू आली तेव्हा नातू म्हणाला, आजी, पाणी बरोबर असेल ना? मी म्हटलं, असेल. ट्राम आली होती, आम्ही चढलो.