लॉन्सवरच्या लग्नात ‘फिट मी’ फाउंडेशन कितपत टिकतं?

मेबेलिनचं ‘फिट मी मॅट प्लस पोअरलेस’ हे सामान्य ते तेलकट त्वचेसाठीचं फाउंडेशन. ३० मिलीची बाटली, मध्यम कव्हरेज (म्हणजे डाग मध्यमसर झाकले जातात), सुकल्यावर चकाकी नाही. मार्च ते जून नाशिकच्या लॉन्सवर जी लग्नं लागतात, तीही भर दुपारच्या मुहूर्ताला, त्यांच्यासाठी मधल्या किमतीत हे पहिल्यांदा सुचवावं असं आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र कोरड्या त्वचेच्या बायकांनी याच्या वाटेला जाऊ नये. नाशिकची थंडी नाकाच्या कडा आणि हनुवटी सोलून काढते आणि मॅट फाउंडेशन नेमकं त्या सालपटांवर जाऊन बसतं. त्यांनी याच मालिकेतलं ‘ड्यूई प्लस स्मूद’ बघावं.

छटा निवडण्यात बहुतेकींचं चुकतं. गव्हाळ वर्णाला २२० नॅचरल बेज किंवा २३० नॅचरल बफपासून, सावळ्या वर्णाला ३१० सन बेज किंवा ३३० टॉफीपासून बघायला सुरुवात करावी. मनगटावर लावून काही कळत नाही. जबड्याच्या कडेवर, गालावरून मानेकडे उतरणाऱ्या तीन छटांच्या तीन रेघा ओढायच्या आणि दुकानाबाहेर यायचं. मेन रोडवर काय किंवा कॉलेज रोडवर काय, दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली प्रत्येक छटा गोरी आणि बरीच वाटते. उन्हात जी रेघ दिसेनाशी होते ती आपली. पण तीही लगेच नाही, दहा मिनिटांनी बघायची, कारण हे फाउंडेशन सुकल्यावर किंचित गडद दिसतं. दोन छटांमध्ये अडलात तर मानेशी जुळणारी घ्या. ‘एक नंबर उजळ द्या’ म्हणून घेतलेली बाटली फोटोत चेहरा राखाडी करते आणि मान वेगळ्याच बाईची वाटते.

नवरीची छटा हळदीआधीच ठरवून ठेवायची. हळद लागली की त्वचेवर पिवळी झाक राहते. त्या दिवशी जुळवलेली छटा पुढच्या आठवड्यात पिवळी पडलेली दिसते.

हे फाउंडेशन सिलिकॉनवर बेतलेलं आहे. खाली जाडसर क्रीम किंवा अर्धवट मुरलेलं सनस्क्रीन असलं की त्याच्या वळ्या निघतात, मळ निघावा तशा. मॉइश्चरायझर हलकं लावा, वर सनस्क्रीन, मग निदान दहा मिनिटं चेहऱ्याला हात नको. बाटलीवर एसपीएफ (ऊन किती अडतं त्याचा आकडा) लिहिलेलं असलं तरी सनस्क्रीन वेगळं लागतंच. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर होते. एवढं फाउंडेशन कोणी थापत नाही, थापूही नये.

पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. हाताच्या पाठीवर काढून घ्या. कपाळाचा मध्य, नाक, दोन्ही गालांची आतली बाजू आणि हनुवटी इथे ठिपके द्या, ओल्या स्पंजने थापत बाहेर न्या. स्पंज भिजवून घट्ट पिळलेला हवा. पाणी उरलं तर फाउंडेशन फाटतं, कोरडा असला तर निम्मं तोच पितो. घासायचं नाही. हे पटकन सुकतं, म्हणून एका वेळी अर्धाच चेहरा घ्या. केसांच्या रेषेशी आणि जबड्याशी स्पंजवर उरलेलं तेवढंच पुरे.

वांग, डोळ्यांखालचा काळेपणा आणि ओठांभोवतीचा सावळेपणा याने झाकला जात नाही. म्हणून वर थर चढवत गेलं की तिथे राखेसारखा रंग येतो आणि हसताना भेगा पडतात. त्या जागी आधी काळेपणाचा रंग मारणाऱ्या नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात (उजळ त्वचेला पीच), वर फाउंडेशनचा एकच थर.

कॉन्टूरसाठी, म्हणजे चेहऱ्याची ठेवण उठून दिसावी म्हणून गडद रंगाने सावली द्यायला, याच मालिकेतली दोन छटा गडद बाटली वापरावी असं दुकानदार सुचवतात. चालतं, पण बऱ्याच गडद छटा उष्ण, म्हणजे तांबूस-पिवळ्या झाकेच्या असतात, त्यामुळे गालाखाली सावलीऐवजी तांबूस पट्टा दिसू शकतो. खरी सावली थंड, मातकट तपकिरी असते. त्या रंगाची, चमक नसलेली क्रीम स्टिक घेतलेली बरी. ब्राँझर (उन्हाने रापल्यासारखी झाक देणारं) हे कॉन्टूर नव्हे, आणि चमकीचं ब्राँझर तर अजिबात नव्हे.

रेघ कानाच्या मध्यापासून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली आली की थांबायची. पुढे नेली की गाल बसलेले, आजारी दिसतात. स्टिक गालाच्या हाडाच्या किंचित खाली टेकवा आणि ब्रश वरच्या दिशेनेच फिरवा. खाली ओढलं तर चेहरा ओघळतो. जबड्याची सावली हाडाच्या खालच्या बाजूला, कपाळाची केसांच्या मुळांशी. गोल चेहऱ्याला कानशिलांवर थोडी जास्त, उभट चेहऱ्याला हनुवटीच्या टोकाशी आणि कपाळाच्या वरच्या कडेला. क्रीम नेहमी पावडरच्या आधी. पावडर बसल्यावर क्रीम लावलं की डाग पडतात आणि ते पुसताना खालचं फाउंडेशनही उखडतं.

नाकावर हात आखडता घ्या. दोन बारीक रेघा, मध्ये जागा, कडा पूर्ण विरघळवलेल्या. नथ घालायची असेल तर त्या बाजूच्या नाकपुडीवर कॉन्टूर करूच नका. नथ हलते, घासते, मंगलाष्टकं संपेपर्यंत एक बाजू कोरी आणि दुसरी तपकिरी दिसते. तिथे फाउंडेशनही पातळ लावून पावडरने दाबा. टिकली लावायची जागा ओल्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर डिंक धरत नाही आणि टिकली मुंडावळ्यांबरोबर सरकते.

पावडर कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावरच. सगळ्या चेहऱ्यावर फिरवली की या फाउंडेशनचा मॅटपणा पिठासारखा होतो. घाम आला तर आधी टिश्यू टेकवून टिपा, मगच पावडरचा पफ. घामावर पावडर लावली की लगदा होतो आणि नाकाच्या खोबणीत साचतो. एवढं केलं तर चार-पाच तास निभावतं. रात्रीच्या रिसेप्शनसाठी मात्र धुऊन नव्याने करावं.

मानेला फाउंडेशन लावू नका. छटा बरोबर असेल तर गरजच नसते, आणि येवल्याच्या पैठणीच्या काठावर उतरलेला तपकिरी डाग घरी धुण्याजोगा नसतो.

घेताना खोका असेल तर त्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जुळतो का ते बघा, सील तपासा. छापील किमतीच्या निम्म्याने मिळत असेल तर नाही म्हणा, कारण या नावाचा नकली मालही बाजारात फिरतो. काढताना नुसत्या फेसवॉशने हे निघत नाही. आधी मेकअप सोडवणारं क्लेन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटर, मग फेसवॉश. स्पंज प्रत्येक वेळी साबणाने धुऊन उघड्यावर वाळवा, ओला तसाच मेकअपच्या पाउचमध्ये कोंबू नका.