₹२९९ गेले आणि सर्च इंजिन बदललं: आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये आमचा वॉटर प्युरिफायर खालून गळायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "माळ्यावरचा माठ काढ." माठ काढला असता तर ₹२९९ वाचले असते. मी काढला फोन. कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकून वर दिसला तो पहिला नंबर लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की तिथेच शंका यायला हवी होती. 'व्हिजिट चार्ज' म्हणून ₹२९९ भरून घेतले आणि मग म्हणाला, एक ॲप टाका, तुमची स्क्रीन मला दिसेल. तेव्हा कुठे मी फोन ठेवला. नंतर नीट बघितलं, तर त्या नंबराच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार केली. पैसे अजून यायचेत.

मी बडोद्यात, दांडिया बाजारात घरी बसून चार-पाच दुकानांचे जीएसटीचे हिशेब बघते. सात रुपये जुळेनात तरी मला झोप येत नाही, इथे तर ₹२९९. त्याच रात्री फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवरचं सर्च इंजिन बदलून टाकलं. आधीचं कुठलं आणि नवं कुठलं हे सांगत नाही. नावं घेतली की दोन्हीकडचे भक्त अंगावर येतात.

पहिला महिना झकास गेला. एकदा चप्पल शोधली म्हणून आठवडाभर चपला मागे लागल्या नाहीत. जाहिराती होत्या, पण कमी. मी जो भेटेल त्याला सांगत सुटले की बदला, दोन मिनिटांचं काम आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी तेव्हा माझं ऐकलं असेल तर पुढचंही वाचा.

दुखणं निघालं आमच्या गावाच्या नावात. आम्ही मराठी माणसं लिहितो बडोदे. बँकेच्या पाटीवर बडोदा, महापालिकेच्या कागदावर वडोदरा, हिंदीत बडौदा. नव्या इंजिनाच्या लेखी ही चार वेगळी गावं. 'बडोदा पाऊस' टाकलं की बँकेच्या शाखांच्या वेळा. 'बडौदा मौसम' टाकलं तर मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यातल्या बडौद्याचं हवामान. तिथे ऊन होतं, आणि आमच्या गॅलरीत बादल्या भरत होत्या.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून पाऊस जोराचा लागला की इथे घरोघरी नदीची पातळी बघतात. मी टाकलं, 'विश्वामित्री पातळी बडोदे'. आले विश्वामित्र ऋषी, त्यांची तपश्चर्या आणि ओघानेच मेनका. सासूबाई खांद्यावरून वाचत होत्या. "पाणी किती फूट चढलंय ते विचार," म्हणाल्या, "हिला कशाला बोलावलंस?"

तेव्हापासून मी वहीत तक्ताच केला. दर रविवारी चारही नावांनी एकच गोष्ट शोधायची आणि मार्क द्यायचे. आधीचं इंजिन: चारपैकी चार. नवं: एक, तोही 'वडोदरा'ला, आणि उत्तर गुजरातीत. अहो म्हणतात, इतका वेळ प्युरिफायरला दिला असतास तर तो सुधारला असता.

सप्टेंबरात कामात अडकले. माझं एक गिऱ्हाईक लीलो चेवडो आणि फरसाण पाकिटात भरून विकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बिलाचा नमुना बदलण्याआधी खात्री करावी म्हणून शोधलं, तर नव्या इंजिनाने वर दिलं जुनंच पान, १२ टक्क्यांचं. दिवाळीच्या तोंडावर! आधीच्या इंजिनाने एका झटक्यात ५ दाखवलं, मग मी मूळ अधिसूचना उघडून बघितली. त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर आधीचंच परत घेतलं. ₹२९९ चा राग गेला नव्हता, पण गिऱ्हाइकाचं बिल त्याहून मोठं.

तरी डोक्यात किडा होताच, की एकाला बडोदे कळतं आणि दुसऱ्याला का नाही? वाचत गेले तेव्हा कळलं की छोट्या इंजिनांपैकी कित्येकांकडे स्वतःचा माल फार थोडा असतो. २३ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन बिंग काही तास अडखळलं, तर डकडकगो आणि इकोशिया ही छोटी इंजिनंही त्याच्याबरोबर लंगडली. दुकानं तीन, गोदाम एक. ब्रेव्हसारखे स्वतःची अनुक्रमणिका बांधणारे मोजकेच, कारण सगळं इंटरनेट चाळून ठेवायचा खर्च अफाट.

आणि मुळात लोक बदलतच नाहीत. फोनमध्ये जे भरून येतं तेच चालवतात. म्हणून तर आपलं इंजिन आधीपासून भरलेलं असावं यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. (मी रुपयांत करायला बसले होते, कॅल्क्युलेटरच्या पट्टीत मावेना.) ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहतांनी निकाल दिला की सर्चमधली मक्तेदारी गूगलने बेकायदा टिकवली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने गूगललाच २०१८ मध्ये सर्चमधल्या पक्षपातासाठी ₹१३५.८६ कोटी आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात ₹१,३३७.७६ कोटी दंड लावला.

माझ्या तक्त्याचं उत्तर मेहतांच्या निकालातच सापडलं. जिथे जास्त लोक शोधतात, तिथे कोणी काय टाकलं आणि कशावर बोट ठेवलं याचा ढीग साचतो आणि त्यावरच इंजिन शिकतं. 'बडोदे' लिहिणारी आमची सगळी मंडळी मोठ्याकडे जातात, म्हणून मोठ्याला बडोदे कळतं. नव्याला शिकवणार कोण? मी एकटी, रविवारी. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही, पण शोधांची काही माहिती पात्र स्पर्धकांना द्या असं सांगितलं. त्या गठ्ठ्यात आमचं बडोदे असलं म्हणजे मिळवली.

सध्या फोनवर नवं आणि कामाच्या कॉम्प्युटरवर आधीचं, असं चाललंय. कस्टमर केअरचा नंबर मात्र कुठल्याच इंजिनावर शोधत नाही. तो प्युरिफायरच्या मागच्या बाजूला स्टिकरवर छापलेला होता, पहिल्या दिवसापासून. भिंतीकडे तोंड करून. खरा माणूस आला, वायसर बदलून ₹१५० घेऊन गेला. सासूबाई अजूनही माठातलंच पाणी पितात.

उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी नव्यावर टाकलं, 'बडोदे वारा'. दुसऱ्याच ओळीत आमच्या शहराचं हवामान आलं, मराठीत. वहीत लिहिलं: चारपैकी दोन.