विंडो एसी गार करेना: सर्व्हिसिंग की गॅस?
एप्रिल लागला की पुण्यात मेकॅनिकचं वाक्य ठरलेलं: "गॅस संपलाय, साहेब." अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे! बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. गळती असेल तरच कमी होतो. म्हणून माझं मत आधी सर्व्हिसिंगला. प्लग काढून पुढची जाळी नळाखाली धरा, शेजारच्या बांधकामाची धूळ राखाडी लगद्यासारखी निघते. मागची कॉइल, म्हणजे गॅसच्या नळ्यांचं वेटोळं, तीही धुऊन घ्या; ती तुंबली की खोलीतली उष्णता बाहेर पडत नाही. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं, तेही स्वस्तात.

गॅसची पाळी केव्हा? वारा जोरात पण कोमट, जाळीमागच्या पुढच्या कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, नळ्यांच्या सांध्यावर तेलकट डाग. तरीही आधी गळती बंद, मगच गॅस. नाहीतर भरलेला गॅसही त्याच वाटेनं जाणार.